भट्टीत भाजलेलं मेंडोलिन

मेंडोलिन भट्टीत भाजू नये, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते लिहायची वेळ येईल असं कुणाला वाटलंच नसावं. ती वेळ मी आणली, म्हणून एवढी माहिती आधीच देऊन टाकतो. बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तीसेक वर्षं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती मोटारसायकलच्या मागे सुतळीनं बांधून आणायचा आणि माझ्या दारात अशी ठेवायचा, की जणू ती मीच जाळली आहे. मोटारीच्या पोटात एक लोखंडी कडं असतं. त्याला आतून खाचा असतात आणि त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. मोटार जळली म्हणजे ती वेटोळी जळली. ती कापून काढायची, किती वेढे होते ते मोजायचे, तेवढेच नवे गुंडाळून बसवायचे, वरून व्हार्निश ओतायचं आणि भट्टीत भाजायचं. भाजलं की व्हार्निश दगडासारखं होतं आणि वेढे जागचे हलत नाहीत. हलणारा वेढा गुणगुणतो, आणि गुणगुणणारी मोटार पुन्हा जळते. शास्त्र म्हणतात ते एवढंच. एवढ्या शास्त्रावर मी घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली आणि एका माणसाचं वाजवणं बंद पाडलं.

तो माणूस म्हणजे शांतवनमामा. आईचे चुलतभाऊ, दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. मी विशीत असताना दौंडलाच एका कारखानदाराकडे वाइंडिंग शिकायला होतो आणि मामांच्या घरी जेवायला. दर रविवारी त्यांच्याबरोबर देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जावं लागायचं. जेवणाच्या बदल्यात मामांची एवढीच अट होती. मी धार्मिक वगैरे नव्हतो, पण ती अट मला कधी जड गेली नाही, आणि त्याला कारण मामांचं मेंडोलिन.

उपासना सुरू व्हायच्या आधी लोक आत येऊन बसेपर्यंत मामा खिडकीजवळच्या बाकावर बसून वाजवायचे. बाहेर चपला निघायच्या, बायका पदर सावरत आत यायच्या, कुणीतरी कुणाच्या म्हशीची चौकशी करायचं, आणि त्या सगळ्या गलबल्याच्या खालून एक चाल चालू असायची. ते कुठलं गीत नव्हतं. मामांनी स्वतःच्या मनानं बसवलेली होती ती. संथपणे सुरू व्हायची, एकदा वर चढून खाली यायची, दुसऱ्यांदा आणखी थोडी वर जायची, आणि तिसऱ्यांदा आता ही कुठंतरी लांब निघाली असं वाटायचं. तिथून पुढचं मला आठवत नाही. तीस वर्षांत हजारो वेळा मी ती चाल तिथवर नेली आहे. दाढी करताना, वेढे मोजताना, न्हावऱ्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघताना. तिथवर जातो आणि उभा राहतो.

मामांना म्हणायचो, "पुढचं जरा गुणगुणून दाखवा की."

ते म्हणायचे, "ते बोटांत हाय. तोंडात न्हाई."

मी शिरूरला दुकान टाकलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मामा स्वतः मेंडोलिन घेऊन आले. देवळात नवे पंखे बसले होते, त्यांची घरघर व्हायची आणि मेंडोलिन दुसऱ्या बाकाच्या पुढं जात नव्हतं. मामा म्हणाले, "सुध्या, तुझ्या त्या कॉइल-बिइलचं काय जमतंय का बघ. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना ऐकू जायला पायजे."

इलेक्ट्रिक वाद्याचं तत्त्व सोपं असतं. पोलादी तारेखाली चुंबक ठेवायचा आणि चुंबकाभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळायची. वरची तार हलली की चुंबकाचा प्रभाव हलतो आणि कॉइलमध्ये नखभर वीज तयार होते. ती ऍम्प्लिफायरला दिली की झाला आवाज. मोटारीत वीज घालून हालचाल काढतात, इथं हालचाल घालून वीज काढायची. मला वाटलं, हे तर आपलंच काम, फक्त उलटं.

कॉइल केली, मेंडोलिनच्या पोटात चिकटवली, आणि मग माझ्यातला कारागीर जागा झाला. वेढा हलता कामा नये. सैल वेढा गुणगुणतो. म्हणून मी वरून झकास व्हार्निश ओतलं आणि मेंडोलिन भट्टीत ठेवलं. नाजूक वस्तू म्हणून मंद आचेवर. चार तास.

लाकडी वाद्य सरसानं जोडलेलं असतं आणि सरस उष्णतेनं सुटतो. हे मला भट्टी उघडल्यावर समजलं. पाठ वेगळी झाली होती, पोटाची फळी पापडासारखी वळली होती, मान पिळवटली होती. कॉइल मात्र उत्तम भाजली होती. एक वेढा हलत नव्हता.

ते तुकडे गव्हाच्या पिशवीत घालून मी दौंडला गेलो. मामांनी पिशवीत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "शिजलंय का नीट? का आजून एक शिट्टी द्यायची?"

मी रडकुंडीला आलो होतो. म्हणालो, "मामा, नवं करून देतो. आठ दिवसांत देतो."

रिवाइंडिंगवाल्याच्या तोंडात 'आठ दिवस' हे शब्द जन्मतःच असतात. त्यांचा दिनदर्शिकेशी संबंध नसतो. मामांना ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांनी मला मोकळं सोडलं नाही.

पहिलं मेंडोलिन मी महिन्याभरात केलं. मशिनच्या खोक्याचं प्लायवुड, आणि सायकलच्या चाकाएवढा उत्साह. त्यातली चूक सांगतो, कारण ती फक्त माझ्या धंद्यातल्या माणसालाच जमली असती. मोटारीच्या कड्याला चोवीस खाचा असतील तर त्या चोवीसही सारख्या अंतरावर असतात. एक खाच केसभर इकडंतिकडं झाली तर मोटार थरथरते. आता मेंडोलिनच्या मानेवर धातूचे पडदे असतात, त्यांवर बोट दाबलं की सूर बदलतो. हे पडदे एका टोकाकडून दुसरीकडं जाताना जवळजवळ येत जातात. जुन्या मानेवर ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, करणाऱ्याचा हात शेवटी शेवटी कंटाळला असेल. ती चूक मी सुधारली. डिव्हायडर घेऊन सगळे पडदे एकसारख्या अंतरावर ठोकले.

मामांनी ते हातात घेतलं, चार सूर वाजवले आणि खाली ठेवलं. म्हणाले, "ह्यात एक सूर हाय. बाकीचे त्याचे पाव्हणे हायेत, ते बी भांडून आलेले."

मग त्यांनी मला फिटरच्या भाषेत समजावलं. तार बरोबर निम्मी केली की वरचा सा मिळतो. त्या निम्म्यापर्यंत बारा पडदे. उरलेल्या निम्म्याचं परत निम्मं केलं की त्याच्या वरचा सा, आणि तिथवर परत बाराच पडदे. जागा निम्मी झाली आणि पडदे तेवढेच राहिले, तर अंतर सारखं कसं राहील? हिशेब असा: सगळ्या तारेच्या लांबीचा साधारण अठरावा भाग सोडून पहिला पडदा, मग उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून दुसरा, असं करत जायचं.

समजलं. पटलं. आणि मी रुसलो.

चूक माझी, वाद्य भाजलं त्यांचं, आणि रुसलो मी. हे आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी दौंडचा रस्ता टाळायला लागलो. कामही होतं म्हणा. उन्हाळ्यात कांदा वाळत असताना मोटार जळली तर शेतकरी दुकानात झोपायला येतो, तिथं मेंडोलिन कोण करतं. मधे एकदा पुण्याहून चांगलं तयार मेंडोलिन विकत घेऊन मी मामांकडं गेलो. त्यांनी दोन मिनिटं वाजवलं, पुसून पिशवीत घातलं आणि मला परत दिलं.

"चांगलं हाय. पर ह्यात तुझी चूक न्हाई, मग मी नावं कुणाला ठिवू?" ते म्हणाले. "तू कर. तवर मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. मला वाटलं होतं, बोलतील तसं आणि कुणाचं तरी मागून वाजवतील. देवळात कीबोर्ड आला, त्यात ढोलकीपासून पावसापर्यंत सगळं आपोआप वाजायचं. मामा त्याच खिडकीजवळ बसायचे आणि हात मांडीवर ठेवायचे. नातेवाइकांच्या लग्नात भेटले की वधूवरांच्या देखत विचारायचे, "झाले का रं आठ दिवस?" सगळे हसायचे. मीही हसायचो आणि जेवणाच्या रांगेत त्यांच्यापासून दहा माणसं मागं उभा राहायचो.

अशी पंचवीसेक वर्षं गेली. एवढी वर्षं एका वाक्यात लिहिता येतात, याचंच मला वाईट वाटतं.

हल्ली मोटार जळली की लोक वेढे भरून घेत नाहीत, नवीच बसवतात. माझे डोळेही बारीक खाचांना कंटाळले होते. दुकान बंद केलं आणि घरी बसलो. तिसऱ्या दिवशी माझी बायको मार्था म्हणाली, "अहो, तुम्ही घरात काहीतरी दुरुस्त करायच्या आत स्वतःला एखादं काम शोधा." तिनं दोन दिवसांपूर्वीच माझ्या हातचा मिक्सर पाहिला होता.

पडवीत टेबल टाकलं आणि मेंडोलिन पुन्हा सुरू केलं. या वेळी पोकळ वाद्य करायचंच नाही असं ठरवलं. इलेक्ट्रिक वाद्याला पोट लागत नाही, भरीव फळी चालते, आणि भरीव फळीची पाठ सुटत नाही. वरवंडला एक जुने सुतार आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्याकडून बाभळीची फळी आणली. बाभूळ टिकते, हे मला माहीत होतं. आबांनी विचारलं, "काय करायचंय हिचं?"

"मेंडोलिन."

"ते वाजवायचं आसतं का वढायचं? बाभळीचा नांगर करत्यात, बाबा."

मी हट्टानं केलं. झालं तेव्हा ते गळ्यात अडकवून मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि दोन दिवस मान फिरवता आली नाही. मग आबांनीच शिवणीचं लाकूड दिलं. हलकं, वाळल्यावर न वळणारं. पडद्यांचा हिशेब मी वहीत तीन वेळा केला. नुसता अठरावा भाग धरला तर बारावा पडदा मध्याच्या केसभर अलीकडं पडतो. अठरापेक्षा किंचित लहान आकड्यानं भागायला लागतं. मध्यावर खूण करून तिथं बारावा पडदा बरोबर पडतो का बघायचं, पडला तर बाकीचे सगळे खरे. तो पडला त्या दिवशी मी मार्थाला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. कुठला?"

आता कॉइल. मोटारीच्या तारेचे साठ-सत्तर वेढे बसले आणि आवाज काहीच नाही. इथं केसापेक्षा बारीक तार लागते आणि वेढे हजारोंनी. ती तार मिळाली कारेगावच्या भंगारवाल्याकडं, कारखान्यातून आलेल्या जुन्या रिळांच्या ढिगात. ती दिसतच नाही. बोटाला जाणवली तर आहे म्हणायचं. गुंडाळायला मार्थाचं शिलाई मशिन घेतलं आणि वेढे मोजायला कॅल्क्युलेटर. त्याच्या बटणाला दोन तारा जोडल्या, मशिनचं चाक फिरलं की आकडा एकानं वाढायचा. सहा हजार चारशेवर मार्थानं विचारलं, "माझं मशिन कधी मोकळं होणार?" मी मान वर केली आणि तार तुटली. दुसऱ्या वेळी ती काही बोलली नाही, शेजारी येऊन फक्त उभी राहिली. पाच हजार नऊशेला तुटली. तिसऱ्या वेळी ती माहेरी गेली तेव्हा कॉइल पूर्ण झाली.

वाजलं. पडवीत भिंतीला टेकून मी ते वाजवलं, म्हणजे मला येतं तेवढं, आणि शेजारचे कोण मेलं का बघायला आले. पण सूर खरे होते.

मी सरळ दौंड गाठायला हवं होतं. पण मध्येच बातमी पसरली आणि कारेगावच्या एका बेंजो पार्टीचा मालक लक्ष्मण दारात उभा राहिला. त्याला हळदीच्या वरातीत वाजवायला पाहिजे होतं. "दादा, आवाज असा पायजे की नवरदेवाला सासरवाडीतनं ऐकू आला पायजे. आन् पुढनं लाल लायटी." मला मोह झाला. तीस वर्षांत कुणी माझ्या मोटारीला लाल लायटी मागितल्या नव्हत्या. मामांसाठी केलेलं त्याला देऊन टाकलं. मामांना काय, आठ दिवसांत दुसरं करू.

वरातीच्या दिवशी मी मागून चालत होतो, छाती पुढं काढून. ट्रॉलीवर जनरेटर आणि त्याला चिकटून मेंडोलिनवाला. त्यानं तार छेडायच्या आधीच स्पीकरमधून भलामोठा घुमणारा आवाज निघाला आणि थांबेना. माझी कॉइल शेजारच्या जनरेटरचं गाणं गात होती. शेवटी मोटारवाल्याच्या हातची कॉइल, तिला आपला माणूस ओळखू आला. लक्ष्मण ट्रॉलीवरून वाकून म्हणाला, "दादा, मी मेंडोलिन सांगितलं व्हतं. हे डिझेल पितंय."

याचा उपाय मला झोपेतसुद्धा माहीत असायला हवा होता. दोन कॉइल शेजारी बसवायच्या, एकीचे वेढे उजवीकडून, दुसरीचे डावीकडून, आणि चुंबकही उलटसुलट. बाहेरून येणारी घरघर दोन्हींत एकमेकीला खाऊन टाकते, तारेचा सूर मात्र दोन्हींत मिळून दुप्पट होतो. लक्ष्मणच्या मेंडोलिनला तसं करून दिलं, आणि मामांसाठी नवं करायला घेतलं. शिवणीचीच फळी. ते झालं. खरंच सुंदर झालं. या एकाच ठिकाणी मी स्वतःची टिंगल करणार नाही.

घेऊन जाण्याआधी एक फेरी मारावी, मामांना सांगावं, म्हणून मी रिकाम्या हातानं दौंडला गेलो. मामा ओसरीत बसले होते. ऐंशीच्या घरात आलेले. कानात यंत्र नाही, डोळ्याला चष्मा नाही, आवाज ठणठणीत.

"सलाम, मामा. झाले बरं का आठ दिवस."

ते हसले नाहीत. त्यांनी डावा हात माझ्यापुढं धरला. बोटांची पेरं सुपारीएवढी झाली होती. "मूठ वळत न्हाई आता," ते म्हणाले. "सकाळी कपाची दांडी धरायला वेळ लागतो. तारा काय दाबणार?"

त्यांच्या सुनेनं चहा आणला. मामांनी कप दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून प्यायला. मी माझा कप तसाच खाली ठेवला. परतीच्या एसटीत मी हिशेब करत होतो की रुसलो नसतो तर कितव्या वर्षी झालं असतं. तो हिशेब काही सुटला नाही, म्हणजे सुटत होता, मीच पुढं करत नव्हतो.

घरी आल्यावर मेंडोलिन टेबलावर तसंच पडून राहिलं. मार्था ते पुसताना म्हणाली, "अहो, याला आठ तारा कशाला? दोन-दोन तर सारख्याच आहेत."

मी तिला समजावायला लागलो. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. लहान वाद्य, आवाज कमी, म्हणून एका सुराला दोन तारा. दोन्ही एकदम दाबाव्या लागतात, त्यामुळं बोटाला जोर लागतो, पण आवाज मोठा...

"आवाज तर तुमच्या डब्यातून येतो ना?" ती म्हणाली. डबा म्हणजे ऍम्प्लिफायर.

मी पक्कड घेतली आणि चार तारा काढल्या. उरलेल्या चार सगळ्यांत बारीक मिळतात त्या घातल्या. तारांखालची घोडी घासून घासून इतकी बसकी केली की तार पडद्याला जेमतेम लागत नव्हती. आता लहान बोट नुसतं टेकलं तरी सूर निघत होता. आठ तारांचं मेंडोलिन मला चार तारांचं करायला पाहिजे होतं, एवढं कळायला एवढी वर्षं गेली, आणि कळलं तेसुद्धा जिला बारावा पडदा कुठला ते माहीत नव्हतं तिला.

ऍम्प्लिफायर, वायरी, मेंडोलिन, सगळं घेऊन दौंडला निघालो. उतरलो, रिक्षा केली, मामांच्या दारात सामान उतरवलं, बोर्डाचं बटण दाबलं. काहीच नाही. दुसरं दाबलं.

मामा म्हणाले, "आज वार कुठलाय?"

गुरुवार होता. आमच्याकडं गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ज्यानं जन्मभर विजेचं खाल्लं तो माणूस इलेक्ट्रिक मेंडोलिन घेऊन गुरुवारी दौंडला आला होता.

"तू ना, सुध्या," मामा म्हणाले, "सुधारणार न्हाईस. आण हिकडं."

त्यांनी मेंडोलिन मांडीवर घेतलं. मानेवरून हात फिरवला, पडद्यांच्या कडा अंगठ्यानं तपासल्या, मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं. मग सुपारीएवढ्या पेरांचं एक बोट तारेवर टेकवलं. दाबलं नाही, टेकवलं. उजव्या हातानं तार छेडली.

भरीव फळीच्या वाद्याला विजेशिवाय आवाजच नसतो. वाजवणाऱ्याला थोडा जाणवतो, समोरच्याला डास गेल्यासारखा. मामा वाजवत होते हे मला त्यांच्या हातांवरून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मी पुढं सरकलो, आणखी सरकलो. मग पिशवीतून मोठा स्क्रू ड्रायव्हर काढला. मोटारीचं बेरिंग आतून खराब झालंय का हे आम्ही असंच बघतो. टोक मोटारीवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. आतलं सगळं ऐकू येतं. मी टोक फळीच्या कडेला टेकवलं आणि मूठ कानामागं धरून मामांसमोर जमिनीवर बसलो.

मामांनी हात न थांबवता विचारलं, "काय, बेरिंग गेलंय का?"

"वाजवा, मामा."

आणि ती आली. माझ्या हाडातून आली. संथ, पूर्वीपेक्षा कितीतरी संथ, कारण एका सुरावरून दुसऱ्यावर जायला बोटाला वेळ लागत होता. एकदा वर चढून खाली. दुसऱ्यांदा आणखी थोडी वर. तिसऱ्यांदा ती निघाली, त्या जागेवर आली, जिथं मी तीस वर्षं उभा होतो, आणि मामा थांबले.

"बोटं दुखली का?"

"न्हाई."

"मग पुढचं वाजवा की."

"पुढचं कुठलं?"

"ह्याच्या पुढचं. हिथून कुठं जाते ती?"

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी परत काहीतरी भट्टीत घातलं आहे. "आरं, हितं आलो की उपासना घ्यायला पाळकसायेब आत यायचे," ते म्हणाले. "मग मी थांबायचो."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. टायमाचे लई पक्के व्हते."

"म्हणजे पुढचं नाहीच?"

"कवा लागलंच न्हाई."

बाहेरून एक मालगाडी गेली. बराच वेळ जात राहिली. मामा तारेवरचं बोट तिथंच ठेवून बसले होते, त्या सुरावर. मग त्यांनी दाराकडं पाहिलं.

"आता कुणी यायचंय का?"

मी मागं वळून पाहिलं. अंगणात दोन कोंबड्या होत्या.

"नाही, मामा."

"मग बघू," ते म्हणाले.

त्यांनी बोट उचललं, हवेत धरलं, एका पडद्यावर टेकवलं. नको वाटलं असावं, शेजारच्या पडद्यावर नेलं. तो सूर लागला. त्याच्यापुढचा शोधायला आणखी वेळ लागला. अंधारात जिन्याची पायरी चाचपावी तसे ते चालले होते, एकेक पाऊल, आणि मी त्यांच्या मागून हाडातून ऐकत होतो. चाल कुठं जाणार होती ते त्यांनाही माहीत नव्हतं.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मध्येच डोक्यावरचा पंखा हलला, फिरायला लागला. लाइट आली होती. ऍम्प्लिफायरचं बटण माझ्यापासून दोन हातांवर होतं. तिथवर जायचं तर कानावरचा स्क्रू ड्रायव्हर काढावा लागला असता.